कलम ३१ कुठे गेले?
एका हक्काच्या प्रवासातून राज्यघटनेच्या रचनेची ओळख

नागरिकशास्त्राची जुनी आणि नवी पाठ्यपुस्तके शेजारी ठेवून पाहिली, तर एक फरक चटकन ध्यानात येतो. १९७० च्या आसपास शाळेत असलेल्यांना मूलभूत हक्क सात असे पाठ होते. आज आपण मुलांना सहा सांगतो. गाळलेला सातवा हक्क होता संपत्तीचा. तो घटनेच्या तिसऱ्या भागात, कलम ३१ मध्ये होता.

आता घटनेची प्रत उघडून तिसरा भाग काढू. कलम ३० आहे, आणि पुढे कलम ३१ च्या जागी ते निरसित केल्याची नोंद आहे, म्हणजे कलम रद्द झालेले आहे. पण लगेच खाली ३१क, ३१ख आणि ३१ग ही कलमे मजकुरासह जागेवर आहेत. (अधिकृत मराठी प्रतीत क, ख, ग अशी अक्षरे आहेत, काही पुस्तकांत अ, ब, क असेही छापतात.) मूळ कलम गेले आणि त्याला जोडलेली तेवढी राहिली, हे कसे घडले? याचे उत्तर शोधताना घटना कशी रचली आहे, ती कोण आणि कशी बदलू शकते, आणि हा बदल कुठपर्यंत करता येतो, हे सगळेच समोर येते.

घटनेचे घर

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने घटना स्वीकारली, तेव्हा तिच्यात २२ भाग, ३९५ कलमे आणि ८ परिशिष्टे होती. एकेका भागात एकेक विषय घेतलेला आहे. पहिला भाग देशाच्या प्रदेशाचा, दुसरा नागरिकत्वाचा, तिसरा मूलभूत हक्कांचा, चौथा राज्याने धोरण आखताना पाळायच्या मार्गदर्शक तत्त्वांचा. पाचव्यात केंद्र सरकार, सहाव्यात राज्ये, अशी ही मांडणी पुढे जाते. कलमांचे क्रमांक मात्र भागागणिक नव्याने सुरू होत नाहीत, ते एकापासून शेवटपर्यंत सलग चालतात. कलमांत बसवणे अवघड अशा याद्या आणि तपशील शेवटी परिशिष्टांत दिले आहेत. राज्यांची नावे, पदाधिकाऱ्यांच्या शपथा, केंद्र आणि राज्ये यांच्यात वाटलेले विषय, भाषांची यादी हे सारे तिथे सापडते.

सलग क्रमांकांची एक अडचण आहे. मध्येच नवे कलम घालायचे झाले तर काय करायचे? पुढचे सगळे क्रमांक बदलले तर जुने निकाल, जुने कायदे, जुनी पुस्तके यांतले सारे उल्लेख चुकीचे ठरतील. म्हणून नव्या कलमाला आधीच्याच क्रमांकापुढे अक्षर जोडतात. शिक्षणाचा हक्क २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आला, त्याला २१क हा क्रमांक मिळाला. एखादे कलम काढून टाकले तरी त्याचा क्रमांक रिकामा ठेवतात. सातवा भाग १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा गळाला, आणि तो आजही रिकामा आहे. नववा भागही त्याच वेळी रिकामा झाला होता. १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीत पंचायतींना घटनेत जागा द्यायची ठरली, तेव्हा ही रिकामी जागा उपयोगी पडली. त्या भागात कलमाचा क्रमांक २४३ हा एकच उपलब्ध होता. म्हणून पंचायतींची सगळी कलमे २४३, २४३क, २४३ख अशी ओळीने आली आहेत.

याचा अर्थ असा, की घटनेच्या क्रमांकांतच तिचा इतिहास साठलेला आहे. झाडाच्या खोडावरची वर्तुळे मोजून वय काढावे, तशी अक्षरे आणि रिकाम्या जागा पाहून घटनेत कुठे काय घडले याचा माग काढता येतो. ३१ च्या आसपास ही वर्तुळे फार दाट आहेत.

खोत, कुलकर्णी आणि पहिली दुरुस्ती

मूळ कलम ३१ काय म्हणत होते? कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची संपत्ती काढून घेता येणार नाही. सार्वजनिक कामासाठी घ्यायची असेल तर त्या कायद्यात भरपाईची तरतूद हवी. वाचायला हे सरळ वाटते. पण त्या वेळी देशातली बरीचशी जमीन जमीनदार, जहागीरदार, तालुकदार, खोत अशा मधल्या लोकांच्या ताब्यात होती. कसणारा वेगळा आणि मालक वेगळा. कोकणातली खोती हे आपल्या जवळचे उदाहरण. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत असे, आणि कुळाने पिकवलेल्यातला मोठा वाटा त्याच्याकडे जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले होते, ते तेव्हा मंजूर झाले नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्याराज्यांनी असे कायदे केले. जमीन काढून घ्यायची तर बाजारभावाने भरपाई द्यायला सरकारांकडे पैसा नव्हता. घटनाकारांना ही अडचण दिसत होती. म्हणून कलम ३१ मध्येच त्यांनी एक सोय ठेवली होती. घटना अमलात येताना जी विधेयके विधिमंडळांपुढे होती, त्यांना राष्ट्रपतींची संमती मिळाली तर भरपाई अपुरी आहे म्हणून ती रद्द करता येणार नव्हती. तरीही बिहारचा जमीन सुधारणा कायदा अडकला. मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. कारण भरपाई कमी हे नव्हते. मोठ्या जमीनदाराला कमी दराने आणि लहानाला जास्त दराने भरपाई देणे म्हणजे कलम १४ मधल्या समानतेचा भंग, असे न्यायालयाने म्हटले. एक दार बंद करावे आणि वारा दुसऱ्या दाराने आत यावा, तसे हे झाले.

त्यानंतर तीन महिन्यांत, जून १९५१ मध्ये, पहिली घटनादुरुस्ती झाली. पहिली सार्वत्रिक निवडणूकही अजून व्हायची होती. संविधान सभाच हंगामी संसद म्हणून काम पाहत होती. या दुरुस्तीत भाषणस्वातंत्र्य आणि आरक्षण यांविषयीही तरतुदी होत्या, त्यांची कहाणी स्वतंत्र आहे. आपल्या विषयापुरते पाहिले तर तिने दोन कलमे घातली. ३१क ने जमीनदारीसारखे हक्क काढून घेणाऱ्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या काही आक्षेपांपासून संरक्षण दिले. ३१ख ने सांगितले की नवव्या परिशिष्टात ज्या कायद्यांची नावे असतील, ते मूलभूत हक्कांचा भंग करतात म्हणून रद्द ठरणार नाहीत.

हे नववे परिशिष्ट मूळ घटनेत नव्हते, ते त्याच दुरुस्तीने तयार झाले. पहिल्या यादीत १३ कायदे होते आणि सगळे जमिनीचे. त्यांतला दुसरा मुंबई राज्याचा १९४८ चा कूळकायदा, सहावा खोती रद्द करणारा, आणि सातवा परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा. देशाच्या घटनेत कुलकर्णी वतनाचे नाव छापलेले आहे हे वर्गात सांगितले, तर मुलांना ते खरे वाटणार नाही. मग परिशिष्ट काढून दाखवावे.

घटना बदलायची रीत

ही दुरुस्ती कोणत्या नियमाने झाली? तो नियम कलम ३६८ मध्ये आहे. सर्वसाधारण कायदा हजर सदस्यांच्या साध्या बहुमताने होतो. घटनादुरुस्तीला प्रत्येक सभागृहात दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. एक, सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत. दोन, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश मते.

हे गणिताच्या तासालाही करता येईल. लोकसभेत ५४३ सदस्य धरू. एकूण संख्येचे बहुमत म्हणजे २७२. मतदानात ३६० जणांनी भाग घेतला आणि २४० बाजूने पडले, तर दोन तृतीयांश झाले, पण २७२ झाले नाहीत. दुरुस्ती फेटाळली गेली. ४२० जणांनी मत दिले आणि २८० बाजूने असले, तर दोन्ही अटी पुऱ्या होतात. दोन अटी का, हे मुलांना यातून आपोआप उमगते. थोडे लोक हजर असताना घाईने बदल होऊ नये म्हणून पहिली, आणि निसटत्या बहुमताने होऊ नये म्हणून दुसरी.

राज्यांच्या अधिकारांना हात लावायचा असेल तर आणखी एक पायरी आहे. किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांनी संमती द्यावी लागते. ही पायरी वगळली तर काय होते याचे उदाहरण अलीकडचे आहे. २०११ च्या ९७ व्या दुरुस्तीने सहकारी संस्थांविषयी नवा भाग घटनेत आला. सहकार हा राज्यांचा विषय, पण राज्यांची संमती घेतलेली नव्हती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, राज्याराज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता तो भाग रद्द ठरवला.

उलट काही बदल इतके सोपे आहेत की त्यांना घटनादुरुस्ती म्हणतच नाहीत. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात असे विभाजन झाले. त्यासाठी पहिले परिशिष्ट बदलावे लागले, तरी ते काम साध्या कायद्याने झाले. कलम ३ आणि ४ तशी मुभा देतात. म्हणजे घटनाकारांनी सगळी दारे सारखी जड केली नव्हती. कोणते सहज उघडावे आणि कोणते जोर लावून, हे त्यांनी विचारपूर्वक ठरवले होते.

संसद मोठी की घटना?

पहिल्या दुरुस्तीला लगेच आव्हान मिळाले. मूलभूत हक्क कमी करणारा कायदा रद्द समजावा असे कलम १३ सांगते. मग घटनादुरुस्ती हाही कायदाच नव्हे काय? ऑक्टोबर १९५१ मध्ये शंकरीप्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने नाही म्हटले. कायदा करणे वेगळे आणि घटना दुरुस्त करणे वेगळे, असा तो निर्णय होता.

पुढची काही वर्षे संसद आणि न्यायालय यांच्यात एक प्रकारची रस्सीखेच चालली. न्यायालयाने भरपाई म्हणजे पूर्ण किंमत असा अर्थ लावला, तेव्हा १९५५ ची चौथी दुरुस्ती आली. केरळचा शेतजमीन कायदा काही जमिनींबाबत अडला, तेव्हा १९६४ ची सतरावी आली आणि नवव्या परिशिष्टात एकदम ४४ कायदे गेले. याच दुरुस्तीने ३१क मध्ये एक महत्त्वाचा अपवादही घातला. कमाल मर्यादेच्या आत स्वतः कसत असलेली जमीन सरकारने घेतली, तर बाजारभावापेक्षा कमी भरपाई चालणार नाही.

सतरावी दुरुस्ती सज्जनसिंह खटल्यात टिकली. निकालपत्र लिहिले होते सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी. पण त्याच खटल्यात न्या. हिदायतुल्ला आणि न्या. मुधोळकर यांनी स्वतंत्र मते लिहिली. घटनेची काही मूलभूत वैशिष्ट्ये असतात आणि ती बदलणे याला दुरुस्ती म्हणायचे की घटना नव्याने लिहिणे, असा प्रश्न मुधोळकरांनी उपस्थित केला. तेव्हा तो प्रश्नच राहिला, पण पुढे त्याला मोठे फळ आले.

१९६७ मध्ये पंजाबातल्या गोलकनाथ कुटुंबाचा खटला अकरा न्यायाधीशांपुढे आला. कुटुंबाची पाचशे एकरांहून अधिक जमीन होती आणि कायद्याने प्रत्येकाला तीस एकरांच्या आसपास राहणार होती. सहा विरुद्ध पाच अशा मतांनी न्यायालयाने आधीचे मत फिरवले. यापुढे संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, असे ठरले. झालेल्या दुरुस्त्यांना मात्र हात लावला नाही, कारण तसे केले असते तर देशभर वाटलेल्या जमिनी परत मागाव्या लागल्या असत्या.

१९७० मध्ये बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा न्यायालयात पडला, त्याच वर्षी संस्थानिकांचे तनखे बंद करणारा आदेशही पडला. १९७१ च्या निवडणुकीत मोठे बहुमत मिळालेल्या सरकारने २४ वी दुरुस्ती करून घटनेचा कुठलाही भाग बदलण्याचा अधिकार संसदेला आहे असे लिहून घेतले. २५ व्या दुरुस्तीने ‘भरपाई’ हा शब्द काढून नुसती ‘रक्कम’ असा शब्द घातला आणि ३१ग हे नवे कलम आणले. साधनसंपत्तीची वाटणी सर्वांच्या हिताची व्हावी या मार्गदर्शक तत्त्वासाठी केलेला कायदा समानतेच्या किंवा संपत्तीच्या हक्काच्या आधारे रद्द होणार नाही, असे ते कलम म्हणते.

तेरा न्यायाधीश, अडुसष्ट दिवस

केरळातल्या एडनीर मठाचे प्रमुख केशवानंद भारती यांनी मठाच्या जमिनींसाठी १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्याच अर्जावर या सगळ्या दुरुस्त्यांचा फैसला व्हायचा होता. सुनावणी ३१ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाली आणि अडुसष्ट दिवस चालली. तेरा न्यायाधीश बसले होते. अर्जदाराच्या बाजूने नानी पालखीवाला आणि केरळ सरकारच्या बाजूने एच. एम. सीरवाई, दोघेही मुंबईचे. २४ एप्रिल १९७३ रोजी निकाल लागला, सात विरुद्ध सहा.

निकालाने दोन्ही टोके नाकारली. संसद घटनेचे कुठलेही कलम बदलू शकते, मूलभूत हक्कही त्याला अपवाद नाहीत. म्हणजे गोलकनाथचा निकाल गेला. पण घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही. घराची दुरुस्ती करता येते, भिंत हलवता येते, खिडकी नवी पाडता येते. घर पाडून त्या जागी वेगळेच काही बांधले तर त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. आणि संपत्तीचा हक्क मूळ चौकटीत येत नाही, असे न्या. खन्ना यांनी लिहिले. ज्या हक्कासाठी वीस वर्षे भांडण चालले, त्यातून मिळालेला नियम त्या हक्काला वाचवणारा नव्हता. तो इतर सर्व गोष्टींना वाचवणारा होता.

त्याची गरज लवकरच पडली. आणीबाणीच्या काळात नवव्या परिशिष्टाचा उपयोग जमिनीपुरता उरला नाही. लोकांना विनाचौकशी स्थानबद्ध करणारा ‘मिसा’ कायदाही १९७५ मध्ये तिथे नेऊन ठेवला गेला. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने तर कोणतीही घटनादुरुस्ती न्यायालयात तपासताच येणार नाही असे लिहिले. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात न्यायालयाने हा भाग रद्द केला. मर्यादित अधिकार ज्याला मिळाला आहे, त्याने तोच अधिकार वापरून स्वतःवरची मर्यादा काढून टाकायची, हे चालणार नाही, असा त्यामागचा विचार होता. हे निकालपत्र सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांचे. केशवानंद खटल्यात ते अल्पमतात होते, संसदेच्या अधिकाराच्या बाजूने.

हक्क हलला, संपला नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आणीबाणीनंतर आलेल्या जनता सरकारने १९७८ ची ४४ वी दुरुस्ती केली. तिने ४२ व्या दुरुस्तीतल्या अनेक गोष्टी मागे घेतल्या, ‘मिसा’ला परिशिष्टातून काढले. आणि कलम ३१ रद्द केले. ते २० जून १९७९ पासून अमलात आले. त्याऐवजी बाराव्या भागात ३००क हे एका वाक्याचे कलम आले. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही, एवढेच ते सांगते. हक्क मूलभूत राहिला नाही, पण घटनेतला हक्क राहिला. फरक असा, की तो मोडला तर कलम ३२ प्रमाणे थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही. उच्च न्यायालयाचे दार मात्र उघडे आहे.

या बदलाने कुणाचे भले झाले? कुळाला जमीन मिळण्यात जे अडथळे होते ते दूर करण्यासाठी हा सारा खटाटोप सुरू झाला, आणि खोती गेली, वतने गेली, हे खरेच आहे. पण संपत्तीचा हक्क फक्त जमीनदारालाच हवा असतो असे नाही. धरणासाठी, रस्त्यासाठी, कारखान्यासाठी ज्याची दोन एकर जमीन जाते त्यालाही तो हवा असतो. भूसंपादनाचा इंग्रजांच्या वेळचा १८९४ चा कायदा २०१३ पर्यंत चालूच होता. बड्यांकडून घेण्यासाठी जी वाट रुंद केली, तिच्यावरून लहानांकडूनही घेता येते. वर्गात यावर वाद होईल, आणि तो व्हावा.

शिल्लक राहिलेल्या कलमांचेही पुढे काय झाले ते सांगायला हवे. नवव्या परिशिष्टातली यादी वाढत क्रमांक २८४ पर्यंत गेली. महाराष्ट्राच्या शेतजमीन कमाल मर्यादा कायद्यावरून आलेल्या वामनराव खटल्यात १९८० साली ठरले, की २४ एप्रिल १९७३ नंतर त्या यादीत गेलेले कायदे तपासता येतील. २००७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी ते पुन्हा पक्के केले. आणि ३१ग? मुंबईतल्या जुन्या उपकर इमारतींच्या कायद्यावरून १९९२ पासून पडून असलेल्या खटल्याचा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये लागला. ३१ग जेवढे १९७३ साली टिकले तेवढे आजही जिवंत आहे, पण प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही, असे बहुमताने ठरले. त्या वेळचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, म्हणजे यशवंत चंद्रचूड यांचे चिरंजीव.

वर्गासाठी

२०२३ पर्यंत १०६ घटनादुरुस्त्या झाल्या. त्यांची यादी पाठ करून घेण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा घटनेची एक प्रत वर्गात आणावी. मुलांचे गट करून एकेक भाग वाटून द्यावा. अक्षर जोडलेले क्रमांक, रद्द झालेली कलमे आणि पानाच्या तळाशी दिलेल्या दुरुस्तीच्या टिपा शोधायला सांगाव्यात. प्रत्येक गटाने आपल्या भागातला एक बदल निवडावा आणि तीन प्रश्नांची उत्तरे काढावीत. हा बदल कुणाला हवा होता? त्यामुळे कुणाचे काय गेले? बदल करणाऱ्याला अडवणारे कुणी होते का?

तिसऱ्या प्रश्नावर थोडे थांबावे. आजच्या बहुमताला काल लिहिलेल्या नियमांनी बांधून ठेवावे का, आणि न बांधले तर उद्याच्या बहुमतापासून आपले रक्षण कोण करणार, हा पेच १९५१ मध्ये होता तसाच आजही आहे. घटनेने त्याचे एका वाक्यात उत्तर दिलेले नाही. तिने संसद, राज्यांची विधिमंडळे आणि न्यायालये या तिघांनाही त्यात थोडा थोडा वाटा दिला आहे. वर्गातली मुले लवकरच मतदार होतील, आणि चौथा वाटा त्यांचा असेल.